कलादालन, थोडं पुढं

मी पेंटर. चित्रकार नव्हे, पेंटर. फरक विचाराल तर चित्रकाराला सही करायला कोपरा मिळतो. पेंटरला तो मिळत नाही, कारण त्या कोपऱ्यात गिऱ्हाइकानं ऐन वेळी मोबाईल नंबर घुसडलेला असतो. बेचाळीस वर्षं मी सांगली, तासगाव, पलूस या पट्ट्यात दुकानं, शाळा, पाण्याच्या टाक्या आणि उसाच्या ट्रॉल्या रंगवल्या. संपादकबाईंनी मला 'रंगांच्या आठवणी' लिहायला सांगितल्या. रंगांची माझी आठवण एकच आहे, ती म्हणजे कपडे खराब झाले. म्हणून मी बाणाबद्दल लिहितो.

बाण म्हणजे दिशा दाखवणारा. बाहेरच्या माणसाला वाटतं, त्यात काय, एक रेघ आणि पुढं टोक. पण सगळ्या पेंटरकीत अवघड काम तेच. अक्षर वाकडं आलं तर लोक हसतात आणि तरी दुकानात येतात. बाण चुकला तर माणूसच जातो. आणि चुकतो का, तर पेंटर शिडीवर असतो आणि त्याचं नाक भिंतीपासून वीतभर. वीतभरावरून भिंतच दिसते. रस्ता कुठून येतो, वाचणारा कुठल्या अंगानं येणार, वळण त्याच्या डाव्या हाताला की उजव्या, हे बघायचं तर खाली उतरायचं, रस्ता ओलांडायचा, पलीकडून बघायचं आणि परत चढायचं. चांगला पेंटर एका बाणासाठी चारदा उतरतो. मी एकदा उतरायचो. तेही चहा आला तर.

त्याचं फळ असं की एका दातांच्या डॉक्टरांचा बाण मी उजवीऐवजी डावीकडं काढला. शिडीखाली पानवाला गप्पा मारत होता, त्याच्याकडं वळून बोलताना माझी बाजू बदलली. डावीकडं परमिट रूम होती. आठवड्यानं डॉक्टर स्वतः माझ्या घरी आले. म्हणाले, "पेंटर, गाल धरून निघालेले पेशंट माझ्यापर्यंत येतच नाहीत. तिकडंच बरे होतात."

दुसऱ्या एका गावात रुग्णालय आणि स्मशान दोन्ही एकाच दिशेला होती. मी एकाच खांबावर एकाखाली एक, दोन्ही बाण एकसारखे, नीट मोजून काढले. आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही बरोबर आले, आणि गावानं मला त्याच दिवशी पुसायला लावले. तिथले डॉक्टर म्हणाले, "अहो, निदान मध्ये शाळेची पाटी तरी टाकायची!"

पुढं फ्लेक्स आला आणि माझं शिडीवर चढणंच थांबलं. फ्लेक्सवाल्याचा बाणही चुकतो, पण त्याला शिव्या देताना लोकांना तोंड दिसत नाही. मला ते सुखही नव्हतं. राहिल्या ट्रॉल्या. ट्रॉलीवर फ्लेक्स टिकत नाही, उसानं फाटतो. म्हणून दरवर्षी हंगामाआधी ट्रॅक्टरवाले मला शोधत यायचे आणि मी त्यांना वाघ, मोर, कमळ, पोरीबाळींची नावं आणि 'हॉर्न द्या' असं सगळं काढून द्यायचो. हे लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

तर शिंदे सर. हायस्कूलला चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांनी मागून न्यायचा तास, हे त्यांनी तीस वर्षं सोसलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं, एक जागा अशी करायची की जिथला चित्राचा तास कुणी मागून नेणार नाही. सांगलीच्या बाहेर, तासगाव रस्त्याला त्यांच्या भावाचं बेदाण्याचं जुनं गोदाम पडून होतं. त्याला चुना मारला, दिवे लावले, भिंतीवर चित्रं लावली. झालं कलादालन. फक्त वास गेला नाही. आत पाऊल टाकलं की बेदाण्याचा गोड, जरा आंबूस वास यायचा आणि फ्रेमवरून मुंग्या फिरायच्या. सर म्हणायचे, "येऊ द्या पेंटर. एकच चित्र एवढा वेळ बघणारं दुसरं कोण आहे?"

दुसरं कोण येणार, हाच प्रश्न होता. कारण तिथं पोचताच येत नव्हतं. हमरस्त्यापासून अर्धा किलोमीटर आत, दोन्हीकडं द्राक्षबागा, सगळ्या सारख्या. मोबाईलच्या नकाशात त्या जागी नुसतं 'बेदाणा' असं यायचं, आणि नकाशानं दाखवलेला रस्ता शेजारच्या पाटलांच्या गोठ्यातून जायचा. गोठ्यात कुत्रं होतं. त्याला नकाशा मान्य नव्हता.

उद्घाटनाला साताऱ्याहून बाई येणार होत्या. बाई म्हणजे सरांना शाळेत चित्रकला शिकवलेल्या बाई. ऐंशी ओलांडलेल्या. सहावीत सरांनी ढगाला हिरवा रंग दिला तेव्हा वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "हसू नका. त्याचा पाऊस पडू दे, मग बघू." त्या एका वाक्यावर हा माणूस आयुष्यभर चित्रकलेत राहिला. आता बाईंची नजर चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुढच्या वर्षी कितपत दिसेल ते सांगता येत नाही. बाईंनी सरांना फोनवर सांगितलं, "दिसतंय तोवर तुझा पाऊस बघून जाते." सरांनी फीत बाईंच्याच हातून कापायची असं देवाजवळ बोलल्यासारखं ठरवलं होतं.

त्यात अडचण होती भाऊंची. भाऊ म्हणजे तिथले पुढारी. गोदामाला वीज त्यांनी खटपट करून आणून दिली होती आणि त्यांना फीत कापायचं व्यसन होतं. अगदी पिठाच्या गिरणीचीसुद्धा. सरांनी त्यांना हात जोडून सांगितलं की यावेळी फीत बाई कापतील. भाऊ मोठ्या मनानं म्हणाले, "कापू द्या की. मी बसतो खुर्चीवर. पर बाई न्हाई आल्या तर कात्री माझ्याकडं."

निमंत्रणपत्रिकेवर सरांनी छापलं, 'वळणावरील बाण पाहावा.' मग माझ्याकडं आले. म्हणाले, "पेंटर, बाण तेवढा तुम्ही काढायचा. फ्लेक्स नको. कलादालनाचा रस्ता हातानंच रंगवलेला पाहिजे." मी रात्रंदिवस विचार केला, म्हणजे दुपारी झोपलो आणि उठल्यावर मला जागा सुचली.

वळणावर भिंत नव्हती. बसथांब्याच्या शेडवर भाऊंच्या वाढदिवसाचे फ्लेक्स एकावर एक, कांद्यासारखे. चिंचेच्या झाडाला खिळा मारायला सर तयार नव्हते. आणि चिंचेखाली होती बाळूतात्यांची ट्रॉली.

बाळूतात्या तिथले शेतकरी. दोन वर्षांपूर्वी त्यांचा ट्रॅक्टर गेला तेव्हापासून ट्रॉली तिथं उभी होती. चाकाखाली विटा, आसापर्यंत गवत, वर दोडक्याची वेल चढलेली, आत एक कोंबडी अंड्यावर बसायची. लोक पत्ता सांगताना "ट्रॉलीपाशी वळा" म्हणायचे. एसटीचा कंडक्टरसुद्धा थांब्याचं खरं नाव सोडून "चला, ट्रॉली!" असं ओरडायचा. आता एसटीनं मान्य केलेली वस्तू म्हणजे इमारतच की. मी तात्यांना विचारलं तर म्हणाले, "रंगवा की. उभीच हाय. गंज तरी थांबंल."

श्रावणात मी ती रंगवली. आणि सांगतो, आयुष्यातलं सगळ्यात मन लावून केलेलं काम ते. ट्रॉलीचं तोंड तासगावकडं होतं आणि कलादालनाचं वळण तिच्या जरा पुढं. म्हणून दोन्ही अंगांना 'कलादालन' लिहून खाली लांबलचक बाण काढला, दोन्ही पुढच्या दिशेला. उरलेल्या रंगात दोन्हीकडं एकेक वाघ बसवला. सांगलीकडून येणाऱ्याला आधी ट्रॉलीची पाठ दिसणार, म्हणून मागच्या चौकटीला दोन बाय तीनचा पत्रा तारेनं बांधला आणि त्यावर टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'कलादालन, थोडं पुढं'. चार वेळा रस्ता ओलांडून बघितलं. तासगावच्या अंगानं बघितलं, सांगलीच्या अंगानं बघितलं, गुडघ्यावर बसून बघितलं. बाण बरोबर होता. एवढा बरोबर की मलाच भीती वाटली.

दिवाळीला मी बायकोला घेऊन लेकीकडं माण तालुक्यात गेलो, दहिवडीला. उद्घाटन दिवाळीनंतरच्या रविवारी होतं. बायकोला तिथंच ठेवून मी त्या दिवशी पहाटेच्या गाडीनं निघालो. कंडक्टर ओरडला, "चला, ट्रॉली!" मी उतरलो. एसटी गेली. समोर ट्रॉली नव्हती.

चार विटा होत्या. गवताचा एक लांबट चौकोन पिवळा पडलेला होता. आणि त्या चौकोनात ती कोंबडी गोल गोल फिरत होती.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडं उसाच्या ट्रॉल्या सहा महिने रस्त्याकडंला उभ्या असतात आणि दिवाळी झाली, कारखान्याचं धुराडं पेटलं की एकजात बाहेर पडतात. हे पाळण्यातल्या पोराला माहीत असतं. मला तर जास्तच माहीत, कारण हंगामाआधी ट्रॉल्या रंगवणं हाच माझा धंदा. बेचाळीस वर्षं मी ट्रॉल्या रंगवल्या आणि ट्रॉलीला चाकं असतात हे विसरलो. तेही कसं, तर ती चाकं मीच रंगवली होती. पिवळी.

तात्यांना फोन लावला. मागं ट्रॅक्टरची धडधड.

"तात्या, ट्रॉली कुठं हाय?"

"आवं पेंटर!" तात्या खुशीत होते. "तुमी येवढी नटवली, मग तिला दारात बसवून ठेवू व्हय? पाडव्याला नवा ट्रॅक्टर आनला, पुजला, आन् हिलाच जोडली. लय बघत्यात लोकं गड्या!"

"आवं, त्यो बाण लोकांसाठी हाय!"

"मग लोकंच बघत्यात की. पलूसच्या अंगाला ऊस भरतोय. हितनं कारखान्याला."

म्हणजे मी ट्रॉली वाईट रंगवली असती तर ती तिथंच राहिली असती. माझं आयुष्यातलं एकमेव चांगलं काम, आणि त्यानंच घात केला.

कलादालनात गेलो. सर कालव्याच्या अंगानं पायवाटेनं ये-जा करायचे, त्यामुळं त्यांना काहीच माहीत नव्हतं. नवा सदरा घालून दारात उभे होते. दाराला फीत, तबकात कात्री, खुर्चीवर भाऊ. बाकीच्या साठ खुर्च्या रिकाम्या. मला वाटलं सांगून टाकावं. पण सरांनीच माझा हात धरला आणि म्हणाले, "पेंटर, बाण फार सुंदर झालाय. आल्यावर बाईंना पहिल्यांदा तोच दाखवणार." मग मी चहा बघायला गेलो.

अकरा वाजले. माणसं नाहीत, फोन मात्र यायला लागले. पत्रिकेत माझा नंबर होता. मिरजेचे एक निवृत्त मास्तर म्हणाले, "पेंटर, तुमचं कलादालन आत्ता माझ्यासमोरून गेलं."

"कुठं गेलं?"

"पलूसच्या चौकात उजवीकडं वळलं. बाण पुढं होता म्हणून मीही पुढं गेलो. आता पुढं रेल्वेचं फाटक लागलंय."

दुसरे एक गृहस्थ ट्रॉलीच्या मागं मागं थेट उसाच्या फडात पोचले होते. तोडणीवाल्यांनी त्यांना बसायला मोळी दिली, खायला कांडं दिलं. ते म्हणाले, "लोक अगत्यशील आहेत. पण चित्रं अजून लावलेली दिसत नाहीत."

ही बातमी सरांपर्यंत जाऊ नये म्हणून मी मांडवामागं जाऊन बोलत होतो. बारा वाजता मात्र सरांचाच फोन वाजला. बाईंचा भाचा. पन्नाशीचा माणूस, पुण्याच्या बँकेतला, बाईंना गाडीतून घेऊन येत होता. सरांनी फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"सर, आम्ही पोचलो की मघाशीच!"

सरांनी रस्त्याकडं बघितलं. मी जमिनीकडं.

"पलूसच्या अलीकडं पाटी दिसली, 'कलादालन, थोडं पुढं'. मावशी म्हणाली, बघ, शिंद्याची कल्पकता बघ! तेव्हापासून मागं मागं आलो. बराच वेळ थोडं पुढं, थोडं पुढं चाललं होतं. पण आलो एकदाचे. गर्दी फार आहे हो. आमच्या पुढं पंचवीस-तीस गाड्या आहेत. आत सोडण्याआधी इथं गाड्यांचं वजन करतात वाटतं?"

भाऊ खुर्चीतून अर्धे उठले. "वजन? आवं, कुठला वास येतोय का बघा म्हणावं!"

"गोडसर वास आहे," भाचा म्हणाला. "सर म्हणालेच होते, आत गोड वास येईल म्हणून."

"मळीचा हाय त्यो!" भाऊ म्हणाले. "कारखान्यात घुसलाय गडी!"

मी फोन हातात घेऊन मागं फिरा म्हणालो. भाचा म्हणाला, "मागं कसे फिरणार? मागं चाळीस ट्रॉल्या आहेत." आणि रेंज गेली.

सरांनी फोन माझ्या हातातून घेतला. नुसतं माझ्याकडं बघितलं. मीच सांगितलं. ट्रॉली, हंगाम, चाकं, सगळं. सर ऐकून घेऊन हळूच म्हणाले, "बाईंना उन्हात त्रास होतो हो पेंटर." त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

भाऊंनी घड्याळ बघितलं. "तीनपर्यंत थांबतो. शिराळ्यात दुसरी फीत हाय, तीनला तिकडं निघायचं. तवर बाई आल्या तर त्यांचा मान. न्हाईतर मी कापतो आन् जातो. दार बंद ठिवून कसं चालंल?"

सरांची मोपेड घेऊन मी सुटलो. पंचवीस-एक किलोमीटर. वाटेत मी बाईंना काय सांगायचं याची तालीम केली. पहिल्या पाच किलोमीटरला चूक ट्रॉलीची होती, दहाव्याला तात्यांची, पंधराव्याला कारखान्याची. कारखान्याचं फाटक आलं तेव्हा चूक माझ्यावर आली होती आणि उतरायला तयार नव्हती.

कारखान्याच्या आवारात ट्रॉल्यांची रांग होती, वजनकाट्यापासून पार फाटकापर्यंत. तिच्या मधोमध उसाच्या दोन डोंगरांमध्ये एक पांढरी गाडी अडकलेली, पुढं तात्यांची ट्रॉली. गाडीत भाचा घाम पुसत बसला होता. बाई नव्हत्या.

बाई रांगेतून चालत होत्या. पांढरी साडी, हातात काठी, डोक्यावर कुणा तोडणीवालीनं दिलेला टॉवेल. एकेका ट्रॉलीपुढं थांबायच्या, नाक पत्र्यापासून वीतभर न्यायच्या, निरखून बघायच्या आणि पुढं सरकायच्या. मागं आठ-दहा ड्रायव्हर अदबीनं चाललेले. एक सांगत होता, "आक्का, ह्यो मोर माजा. सात वर्षं झाली, अजून पिसारा हाय बगा." दुसरा म्हणत होता, "आवं, त्यो मोर काय बगता, माजा वाघ बगा की!"

मी जवळ गेलो. बाईंनी मला आयोजकांपैकी समजून विचारलं, "शिंदे कुठं आहे? प्रदर्शन फार मोठं केलंय त्यानं. आणि असं उघड्यावर! मला वाटलं, चार फ्रेमा टांगल्या असतील. हे सगळं एकाच हाताचं दिसतंय. कोण चित्रकार?"

ड्रायव्हरांनी एका सुरात माझ्याकडं बोट केलं. "ह्येच की! पेंटर!"

बेचाळीस वर्षांत माझं काम बघायला कुणी गाडी करून आलं नव्हतं. बाईंनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि काठीनं एका ट्रॉलीकडं खूण केली.

"हा वाघ. तुम्ही वाघ पाहिलाय?"

"न्हाई बाई. कॅलेंडरवर."

"मांजर?"

"घरात हाय."

"तरीच. अंग वाघाचं आहे, नजर मांजरीची. दुधाकडं बघतोय तो." ड्रायव्हर फिसकन हसले. बाई नाही हसल्या. "पण नजर खरी आहे. पाहून काढलेलं कळतं. पुढच्या वेळी सरळ मांजर काढा." मग तात्यांच्या ट्रॉलीपुढं थांबल्या. "आणि हा बाण. याला काही म्हणायला जागाच नाही. मी याच्यामागून चाळीस मिनिटं आले. एकदाही शंका आली नाही."

आता यावर माणसानं काय सांगावं? मला वाटलं, नाहीच सांगू. इथंच नारळ फोडावा, इथंच बाईंच्या हातून एखादी दोरी कापून घ्यावी. कबूल करतो, तेवढा वेळ मी शिंदे सरांना पार विसरलो होतो. मग रिकाम्या साठ खुर्च्या आठवल्या आणि त्यांच्यापुढं उभा नवा सदरा आठवला.

"बाई," मी म्हणालो, "हे कलादालन न्हाई. हा साखर कारखाना हाय. बाण मी काढला, पण ज्याच्यावर काढला ते चालतं, हे ध्यानात आलं न्हाई."

बाईंनी डोक्यावरचा टॉवेल काढला. मग म्हणाल्या, "म्हणजे शिंदे तिकडं वाट बघतोय. किती वाजले?"

सव्वा वाजला होता. गाडी मागं येऊ शकत नव्हती. बाहेर पडायची वाट एकच, पुढं, काट्यावरून. म्हणजे पुढच्या ट्रॉलीवाल्यांनी आपापले नंबर सोडून बाजूला घ्यायला हवं होतं. हंगामात नंबर सोडणं म्हणजे काय ते ट्रॅक्टरवाल्यालाच विचारा. मी एकेकापुढं हात जोडले.

"सोडतो की पेंटर," पहिला म्हणाला, "पर माज्या वाघाची मांजर झाली म्हनं. त्यो दुरुस्त करून द्या."

"देतो."

"आमचा बी!"

"देतो बाबा."

काट्यापर्यंत मी सतरा वाघ, चार मोर आणि एका ट्रॉलीवर नवऱ्याच्या शेजारी बायकोचं नाव एवढं कबूल करून बसलो. काट्यावरचा कारकून मात्र नियमाचा. काट्यावर आलेली गाडी वजनाशिवाय जाणार नाही म्हणाला. त्यानं भाच्याची गाडी बाईंसकट तोलली आणि पावती दिली. पावतीवर उसाची जात लिहायचा रकाना होता. कारकुनानं बाईंकडं एकदा बघितलं आणि तिथं आडवी रेघ मारली.

बाहेर आल्यावर भाचा म्हणाला, "रस्ता सांगा, आम्ही जातो." बाई म्हणाल्या, "मुळीच नाही. पत्रिकेत काय लिहिलंय? बाण पाहावा. तू आज एकदा चुकलायस. मी पाटीमागूनच जाणार."

बाण ट्रॉलीच्या अंगावर आणि ट्रॉली अजून भरलेली. पण मागचा पत्रा तारेचाच होता. तात्यांनी पक्कड आणली. "न्या. पर त्याच्या जागी दुसरं कायतरी भारी लिवून द्या." तो पत्रा त्यांनी माझ्या पाठीला बांधला, दोन तारा खांद्यावरून, दोन काखेतून. मोपेडवर बसलो. पाठीवर 'कलादालन, थोडं पुढं'. मागं बाई.

वारा पत्र्यात शिरला की मोपेड उसाकडं झुकायची. पलूसच्या चौकात ते मिरजेचे मास्तर चहा पीत बसले होते. त्यांनी पाटी बघितली, कप टाकला आणि स्कूटरला किक मारली. फडातले गृहस्थ कांड्यासकट मागं लागले. तासगावात आरशात बघितलं तर मागं सात गाड्या होत्या. त्यातली एक जीप लग्नाची निघाली. त्यांना दुसरीकडंच जायचं होतं, पण एवढी माणसं जाताहेत म्हणजे कार्यालय तिकडंच असणार असं त्यांना वाटलं.

वळण आलं. विटा, गवताचा चौकोन, कोंबडी. मी डावीकडं वळलो आणि बाणाचं टोक पहिल्यांदाच जिथं जायला हवं होतं तिथं गेलं.

तीनला सात मिनिटं कमी होती. भाऊंच्या हातात कात्री होती. बोटं आत घालून ते सराव करत होते. सर फितीपाशी पाठमोरे उभे होते. गाड्यांचा आवाज ऐकून वळले. बाई उतरल्या. सरांनी वाकून पाय धरले. मग भाऊ म्हणाले, "घ्या बाई, कात्री घ्या. माझं काय, शिराळ्यात हाय एक." त्यांच्या आवाजात थोडं दुःख होतं, पण माणूस शब्दाचा.

बाईंनी फीत कापली. आत गेल्या. एकेका चित्राशी वीतभरावर थांबत सगळी भिंत फिरल्या. शेवटी सरांचं चित्र होतं. हिरवा ढग, खाली माळ. बाई त्याच्यापुढं सगळ्यात जास्त वेळ उभ्या राहिल्या. सर श्वास धरून मागं.

"पडला की रे पाऊस," बाई म्हणाल्या.

सरांनी चष्मा काढून पुसला. मला बघायचं नव्हतं म्हणून मी पाठ फिरवली. तर बाईंना पाटी दिसली. "आणि हे कुठं लावणार?" असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर काठीनं टकटक केलं.

सरांनी स्वतः खिळा मारला. पत्रा अजून तिथंच आहे, शेवटच्या भिंतीला, मागच्या दाराशेजारी. खाली चिठ्ठी आहे: 'तैलरंग, पत्रा, तार'. आणि माझं नाव. पहिल्यांदाच पूर्ण, मोबाईल नंबराशिवाय. लग्नाची माणसं बेदाणे खाऊन, चित्रं बघून तासाभरानं गेली. नवरदेवानं माझ्या पत्र्याशेजारी उभं राहून फोटो काढला.

त्या पत्र्याचा एक त्रास आहे. लोक चित्रं बघत बघत शेवटाला येतात, 'कलादालन, थोडं पुढं' वाचतात आणि मागच्या दारातून बाहेर पडतात. दर रविवारी दोन-चार जण द्राक्षबागेत सापडतात. वेलींच्या रांगा निरखत उभे असतात. एकानं अभिप्राय वहीत लिहिलंय, 'शेवटचे दालन विशेष आवडले.'

बाईंना आता फारसं दिसत नाही. फोनवर विचारतात, "मांजर काढली का?" काढतो आहे. सतरातल्या अकरा ट्रॉल्या झाल्या. घरच्या मांजरीला दुधाची वाटी ठेवून समोर बसवतो आणि बघून बघून वाघ काढतो. ट्रॅक्टरवाले म्हणतात, आता बरोबर वाघ आला.

वळणावर बाण मात्र अजून नाही. सर विचारतात, मी विषय बदलतो. आता बाण कशावर काढायचा म्हटलं की मी आधी त्याच्याखाली वाकून चाकं आहेत का बघतो आणि तेवढ्यानं माझा हात थांबतो. म्हणून रविवारी सकाळी मीच चिंचेखाली खुर्ची टाकून बसतो. गाडी आली की हात करतो, आत वळा म्हणून. कोंबडी असते सोबतीला. एसटीचा कंडक्टर आता "चला, पेंटर!" असं ओरडतो.

हंगाम सुरू आहे. रस्त्यानं ट्रॅक्टर जातात, ड्रायव्हर ओळखीचे, हॉर्न देतात. अजून तरी मला कुणी जोडून नेलेलं नाही.